उत्स्फूर्त नाटकाची तालीम

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तर माझं मुख्य काम मुलांना भांडायला लावणं हेच होतं. निरोप समारंभात मात्र सगळ्या वक्त्यांनी मी ज्ञानदान केलं असं सांगितलं. एकांनी तर मी गावात ज्ञानगंगा आणली म्हणून सांगितलं. आमच्या भागात उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो. कसलीही गंगा मी खरंच आणली असती तर गावानं मला निवृत्त होऊ दिलं नसतं.

गाव नगर तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण निम्मं गाव अजून माझ्याशी बोलतं आणि तेवढं तरी बोलत राहावं अशी इच्छा आहे. हिवरे बाजार आमच्यापासून फार लांब नाही. ते गाव बघायला कुठून कुठून माणसं येतात. आमच्याकडे यायची ती तिथली वाट चुकलेली. सरपंच त्यांना आग्रहानं चहा पाजायचे आणि आमचाही एक बंधारा दाखवायचे. बंधारा भक्कम होता. पाणी तेवढं नव्हतं.

या गावच्या सातवीपर्यंतच्या शाळेत मी शेवटची वर्षं काढली. तिथं असताना नगरला एका प्रशिक्षणाला जावं लागलं. विषय होता ‘उत्स्फूर्त नाट्यीकरणातून कथाकथन’. तज्ज्ञ सकाळी बोलायला लागले ते जेवणापर्यंत बोलत होते. शिक्षकानं वर्गात कमीत कमी बोलावं, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. मुलांना खाली बसवून ठेवू नये, हा दुसरा. आम्हाला उठून उभं राहायची संधी दिवसभरात एकदाच मिळाली, जिलबीच्या रांगेत. पण पडद्यावर सरकत गेलेल्या असंख्य वाक्यांतलं एक माझ्या डोक्यात राहिलं. ‘पात्राला काहीतरी हवे असते.’ बाकीचं सगळं मी जिलबीबरोबर तिथंच सोडून आले.

ते वाक्य का राहिलं, तर आमच्या मुलांच्या गोष्टीत कोणालाच काही नको असायचं. सहावीतल्या कोणालाही गोष्ट सांग म्हटलं की एक राजा होता, तो प्रामाणिक होता, त्याला बक्षीस मिळालं, तात्पर्य. गणेश नावाचा एक मुलगा तर विचारायचा, “बाई, तात्पर्य आधी सांगू का? गोष्ट मागनं आठवंन.” हीच मुलं मधल्या सुट्टीत काल वस्तीवर बैल कसा उधळला ते सांगायची, तेव्हा ऐकणाऱ्याचा डबा हातात तसाच राहायचा. वर्गात आली की पुन्हा राजा, प्रामाणिकपणा आणि बक्षीस.

मी प्रयोग सुरू केला. बाकं मागं सरकवली आणि दोन मुलांना पुढं बोलावलं. म्हटलं, ही एसटी. एकच जागा रिकामी आहे. तुम्हा दोघांनाही बसायचंय. संवाद मी देणार नाही, तुमचे तुम्ही बोला.

एक म्हणाला, “बसा काका.”

दुसरा म्हणाला, “नको, तुम्ही बसा.”

“नाही नाही, तुम्हीच बसा.”

गाडी नगरला पोचली तरी दोघं उभेच. आमच्या आगारातला कंडक्टर हे बघून हृदयविकारानं गेला असता. तेव्हा मला कळलं की मुलांना शाळेत गुणी राहायची सवय लागली आहे, आणि गुणी माणसांची गोष्ट होत नाही. मी जाहीर केलं, “आज या वर्गात कोणी शहाण्यासारखं वागायचं नाही.” मुलांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंना बरं नाही, असं त्यांना वाटलं असावं. पण त्यानंतर जी एसटी सुटली ती थांबवता थांबवता माझ्या नाकी नऊ आले.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे पोरांचा धिंगाणा वाटतो, म्हणून थोडक्यात सांगते. मी फक्त दोन गोष्टी द्यायची. कोणाला काय हवंय, आणि ते कोण देत नाहीये. मुलं अडकली की मी किंवा वर्गातलं कोणीही पात्राला विचारायचं, “तुम्हाला काय पाहिजे?” उत्तर आलं की गाडी पुन्हा चालू. सगळं झालं की मग खरा अभ्यास. तेच भांडण प्रत्येकानं आपल्या पात्राच्या तोंडून सांगायचं. म्हातारीची गोष्ट वेगळी, कंडक्टरची वेगळी, आणि तिसऱ्या बाकावर गुपचूप बसून राहिलेल्याची सगळ्यात वेगळी. मग लिहायचं. पहिले काही महिने प्रत्येक गोष्ट दवाखान्यात नाहीतर पोलीस चौकीत संपायची. मुलांना मरायची फार हौस. एकेकाचं मरण शेवटच्या बाकापर्यंत चालायचं, आणि मेल्यावरही तो सांगायचा, “बाई, मी मेलोय, पण मला अजून बोलायचंय.” शेवटी कायदा केला की पोलीस बोलवायचे नाहीत आणि परवानगीशिवाय मरायचं नाही.

या भांडकुदळ वर्गात दोन मुली अव्वल होत्या. एक शाहीन. तिचे वडील रफिकभाई नागापूरच्या एमआयडीसीत वर्कशॉपला होते. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहायचे. शाहीनला समोरच्याला बरोबर अडचणीचा प्रश्न विचारता यायचा. पुढं ती वकील झाली तर नवल नाही, आणि नाही झाली तर कोर्टाचं नशीब. दुसरी प्रतीक्षा. ती नकला करायची. नक्कल म्हणजे आवाज काढणं नव्हे. शेळके सरांची नक्कल करताना तिला चष्मा लागायचा नाही, पण चष्मा पुसलेला दिसायचा. शेळके सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. सज्जन माणूस. कोणत्याही कागदाला ते आधी नमस्कार करायचे आणि मग वाचायचे.

प्रतीक्षा ही तात्यांची नात. शाळेच्या मागं तात्यांचं रान होतं आणि त्या रानाच्या बांधावरून ओढ्यापलीकडची मुलं शाळेत यायची. मीही फाट्यावर एसटीतून उतरून त्याच बांधानं यायची. एका वर्षी जून महिन्यात शाळा भरली आणि बघतो तर बांधावर बाभळीच्या काट्या, दोन्ही टोकांना. आठवड्यानं तारेचं कुंपणही आलं. आता वस्तीवरच्या मुलांना मोठ्या रस्त्यानं वळसा घालून यावं लागत होतं. त्या रस्त्यावर एमआयडीसीचे ट्रक, दुधाचे टेम्पो, हंगामात उसाचे ट्रॅक्टर. रस्त्याला कडा अशी नाहीच. मोठी मुलं येत राहिली. लहान हळूहळू गळायला लागली. शाहीनचा धाकटा भाऊ अय्यान त्याच वर्षी पहिलीत घातला होता. नाव हजेरीत आणि पोरगं घरी.

मी वस्तीवर गेले तेव्हा रफिकभाई म्हणाले, “बाई, शाहीन रोड क्रॉस करती, तरी तिच्या आईचा जीव थाऱ्यावर नसतो. एवढ्याशाला कसं धाडू? माझी फर्स्ट शिफ्ट असती, न्यायला-आनायला कोन हाय?”

मी तिथून तात्यांकडे गेले. गावात सगळ्यांनी कारण सांगितलंच होतं. वस्तीवरच्या शेळ्यांनी तात्यांचा हरभरा खाल्ला. मी बांधावर उभी राहून शेळी, हरभरा, क्षमा आणि शिक्षणाचं महत्त्व यांवर बोलले. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. डोक्यावरची टोपी काढून झटकली.

“झालं का बाई?”

“झालं.”

“तुमच्या शाळंचा आन माझा काय संबंध हाय का? भितीवर लिवलंय का तसं? न्हाई ना? मंग जावा रोडनं.”

शेळीचं नावही त्यांनी घेतलं नाही. मला ते विचित्र वाटलं, पण आपण चांगलं बोललो या समाधानात मी रस्त्यानं परत आले. सरपंचांना विचारलं, तर ते म्हणाले, “मॅडम, तो शेतकऱ्याचा खाजगी विषय आहे.” ग्रामसभेत मांडा म्हटलं, तर म्हणाले, “ग्रामसभा शांततेत पार पडली पाहिजे.” आमच्याकडे ग्रामसभा नेहमी शांततेत पार पडते. कोणी येत नाही.

हिवाळ्यात तालुक्याहून निरोप आला. आमच्या शाळेत उत्स्फूर्त नाट्यीकरण चालतं असं गटशिक्षणाधिकारी साहेबांच्या कानावर गेलं होतं. ते स्वतः बघायला येणार होते. शेळके सर कागद दोन्ही हातांत धरून माझ्या वर्गाच्या दारात आले.

“मॅडम, संहिता पाठवायची आहे. दोन प्रतींत.”

“कशाची?”

“तुमच्या उत्स्फूर्त नाटकाची.”

“सर, उत्स्फूर्त नाटकाला संहिता नसते. म्हणून तर त्याला उत्स्फूर्त म्हणतात.”

शेळके सरांनी पुन्हा कागद वाचला. “तसं इथं काही म्हटलेलं नाही. संहिता, पात्रपरिचय आणि निष्पत्ती, असं म्हटलंय.”

मी दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच नाटक लिहून आणलं. नाव ‘कचराकुंडीचे मनोगत’. एक आजोबा रस्त्यात केळ्याचं साल टाकतात. कचराकुंडी रडते. स्वच्छतादूत आजोबांना समजावतो. आजोबांना पश्चात्ताप होतो. सगळे टाळ्या वाजवतात, असं संहितेतच लिहिलं होतं. म्हणजे पाहुण्यांनी वाजवल्या नाहीत तरी पंचाईत नको. शाहीन कचराकुंडी झाली. फ्रिजच्या खोक्यातून तिचं डोकं तेवढं बाहेर. स्वच्छतादूत गणेश आणि आजोबा प्रतीक्षा.

मग तालमी सुरू झाल्या. सरांची एकच तक्रार होती की मुलं फार घडाघडा बोलतात. “अरे, हे उत्स्फूर्त वाटलं पाहिजे. मध्येमध्ये अडखळा.”

गणेशनं हात वर केला. “सर, कुठं अडखळायचं?”

सरांनी पेन काढलं आणि अडखळायच्या जागी खुणा करून दिल्या. गणेश त्या जागा मनापासून पाठ करायला लागला. प्रतीक्षानं मला बाजूला घेऊन विचारलं, “बाई, ह्या आजोबाला काय पायजे?” मी म्हटलं, “या आजोबाला काही नको असतं. तो साल टाकतो आणि सुधारतो.” ती म्हणाली, “मंग त्याचं काम कसं करू?” मी म्हटलं, “जसं बसवलंय तसं कर.” तिनं मान हलवली. मी नोकरीत असं पुष्कळदा म्हटलं आहे, आणि मलाही पुष्कळदा म्हटलं गेलं आहे.

साहेब आले त्या दिवशी मैदानात मांडव घातला होता. साहेब मध्ये, एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला शेळके सर. गावही बऱ्यापैकी लोटलं होतं, कारण जेवण होतं. प्रतीक्षाचे वडील सुनील कामाला दांडी मारून आले होते. आणि सगळ्यांत आश्चर्य म्हणजे तात्या आले. शाळेची नवी खोली बांधून झाल्यापासून त्यांनी आवारात पाऊल टाकलं नव्हतं. पण नात आजोबा होणार, असं घरी कळलं होतं. मांडवात न बसता ते कडुलिंबाखाली बसले, नव्या खोलीकडे पाठ करून.

नाटक सुरू झालं. साल पडलं, कुंडी रडली, स्वच्छतादूत आला. गणेश पहिल्या खुणेवर सुंदर अडखळला. साहेबांनी मान डोलावली. दुसऱ्या खुणेवर अडखळला तो अडखळलाच. पुढचं वाक्यच येईना. खुर्चीतून शेळके सर कुजबुजले, “सार्वजनिक… सार्वजनिक…” गणेश म्हणाला, “सार्वजनिक,” आणि पुन्हा थांबला. मांडवात कोणीतरी खोकलं. सरांच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

तेवढ्यात खोक्यातून शाहीनचा आवाज आला. वर्गात कोणी अडकलं की आम्ही जे विचारायचो तेच तिनं विचारलं.

“आजोबा, तुमाला काय पायजे?”

प्रतीक्षानं तिच्याकडे बघितलं. मग हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि झटकली. टोपीची ती झटक मी बांधावर बघितली होती.

“मला काय पायजे?” ती म्हणाली. आवाज जाडा झाला होता. “आजपतुर इचारलं का कुनी? रोडनं जावा म्हनलं की जात्यात मुकाट. वाट का आडिवली, इचारलं का?”

“शेळ्या आल्त्या म्हनून,” शाहीन म्हणाली.

“शेळ्या कुनाच्या रानात येत न्हाईत? हरभरा खाल्ला तर खाल्ला. माझ्या बापानं हितली जागा शाळंला दिली. फुकाट दिली. नवी खोली झाली, त्या फरशीवर समद्यांची नावं लिवली. सरपंच, उपसरपंच, गुत्तेदार. रंग देनाऱ्याचं सुदिक नाव हाय! माझ्या बापाचं न्हाई. मंग माझ्या बापाच्या बांधावनं ह्यांची शाळा कशाला चालती?”

मांडवातल्या सगळ्या माना एकदम नव्या खोलीकडे वळल्या. कोनशिला तिथंच होती. मी रोज तिच्या शेजारी छत्री टेकवत होते आणि एकदाही ती वाचली नव्हती. सरपंच आपल्या बुटाकडे बघायला लागले.

कडुलिंबाखाली तात्या उठून उभे राहिले होते. “ये पोरी! मी रंगवाल्याचं न्हाई म्हनलो!”

प्रतीक्षानं वळूनही बघितलं नाही. “मधी बोलू नका तात्या. मी तुमचंच काम करतीय.”

लोक हसले. साहेब तर खूश झाले. त्यांना हे सगळं बसवलेलं वाटलं. ते शेळके सरांच्या कानाशी वाकून म्हणाले, “पालकांचा सहभाग! फारच छान!” सरांना मान डोलवावी की नाही कळेना, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

शाहीन खोक्यातून बाहेर पडत होती. खोकं अडकलं, ते तिनं फाडलं. आता ती कचराकुंडी राहिली नव्हती.

“नाव आमी खोडलं का?”

“न्हाई,” प्रतीक्षा म्हणाली.

“फरशी आमी लिवली का?”

“न्हाई.”

“मंग काट्या आमच्या वाटंला का?”

प्रतीक्षानं तोंड उघडलं आणि मिटलं. वर्गात असं झालं की मी दुसरं कोणाला तरी पुढं ढकलायची. इथं मी जागची हलू शकत नव्हते. ती पोर कडुलिंबाकडे वळली आणि अगदी साध्या, स्वतःच्या आवाजात म्हणाली, “तात्या, हितं तुमी काय म्हनता?”

कोणी हसलं नाही. तात्या मांडवाच्या दांड्याला धरून आत आले आणि शाहीनसमोर थांबले.

“तुझा भाव केवढा हाय?”

“पैलीत हाय. नाव घातलंय. येत न्हाई.”

“ये म्हनावं त्याला.”

“बांधावनं?”

“बांधावनं. काट्या काढतो सांजच्याला.” मग सरपंचांकडे, साहेबांकडे आणि सगळ्या खुर्च्यांकडे एकवार बघून तात्या म्हणाले, “पोरान्ला वाट. मोठ्या मानसांनी यायचं न्हाई. त्यांनी रोडनंच जायचं.”

साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग गावानंही वाजवल्या. सरपंच सगळ्यांत शेवटी उठले. जेवताना साहेबांनी शेळके सरांना विचारलं, “उत्तमच झालं. पण कचऱ्याचं पुढं काय झालं?” सर म्हणाले, “साहेब, ते दुसऱ्या भागात.”

साहेब टाळ्या वाजवून गेले, तरी कागद मागून आलाच. संहितेबाहेर जाऊन नाट्यीकरण केल्याबद्दल खुलासा करावा. सरपंचांनी फोन केला असणार, कारण साहेबांना स्वतःला संहिता कुठं संपली ते कळलं नव्हतं. मी एका ओळीत उत्तर लिहिलं: ‘उत्स्फूर्त नाटक उत्स्फूर्त झाले, याबद्दल मी दिलगीर आहे.’ शेळके सरांनी ते वाचलं, मला हात जोडले, आणि स्वतःच्या अक्षरात दीड पान सौम्य उत्तर पाठवून दिलं. मला वाचवण्यासाठी त्यांनी कोणत्याही कागदाचा आधार न घेता केलेलं ते एकमेव उत्स्फूर्त काम. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानले तेव्हा ते इकडंतिकडं बघून म्हणाले, “बोलू नका कुठं.”

नावासाठी सरपंचांनी पेंटर धाडला. नवी फरशी बसवायची तर ठराव लागतो म्हणे. ऑइलपेंटला लागत नाही. पेंटरनं गुत्तेदाराच्या खाली, फरशी संपता संपता उरलेल्या जागेत नाव बसवलं. तात्यांच्या वडिलांचं नाव खंडू. पेंटरनं अनुस्वार खाल्ला. शाळेला जागा देणारा माणूस ‘कै. खडू पाटील’ म्हणून भिंतीवर आला. मुलं पोट धरून हसली. पेंटर दुसऱ्या गावाला निघून गेला होता. मी त्यानं टाकलेल्या डब्यातला सुकत आलेला रंग काडीनं ढवळला, बाकावर चढले आणि ख वर टिंब दिलं. थोडं मोठं झालं. आयुष्यभर मी वह्यांतले अनुस्वार दुरुस्त केले, त्यातला हा एकच कोणाच्या तरी उपयोगी पडला. तात्यांनी दुरून बघितलं. अक्षरं त्यांना फारशी लागत नसावीत, पण टिंब दिसलं.

काट्या निघाल्या. तारेत माणूसभर फट पडली. मुलं बांधावरून यायला लागली. अय्यान पहिल्या दिवशी शाहीनचा हात धरून आला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं हात सोडला आणि तात्यांच्या शेंगा खात खात यायला लागला. तात्या त्याला रोज शिव्या द्यायचे आणि उद्या कुठल्या वाफ्यात शेंगा भरल्यात तेही सांगायचे.

इथं थांबले तर ही गोष्ट प्रशिक्षणात सांगता येईल. पण त्या दिवशी मांडवात सुनील बसले होते, ते मी विसरले होते. तात्यांना नातीचा राग आला नाही. तिच्या वडिलांना आला. ते शाळेत आले तेव्हा आवाज अजिबात चढवला नाही.

“मॅडम, आमच्या घरातलं बोलणं तुम्ही साहेबासमोर काढलंत.”

“मी नाही काढलं. प्रतीक्षा…”

“ती लहान आहे. शिकवलं कोणी? कंपनीत मला विचारतात, तुमच्या घरात भांडण आहे का म्हणून. कोणीतरी काढलेला व्हिडिओ फिरतोय. मला पोरीला नाटक नाही शिकवायचं.”

ते नगरच्या इंग्रजी शाळेत नाव घालून आले होते. दाखला मागायला आले होते. मी सांगितलं की ही पोर विलक्षण आहे. हिच्यासारखी दुसरी माझ्या हाताखालून गेली नाही. ते म्हणाले, “म्हणूनच चांगल्या शाळेत घालतोय.” याला मी काय बोलणार? मी तात्यांना मध्ये घालायचा प्रयत्न केला. ते बांधावर बसले होते. म्हणाले, “बाई, गावानं ऐकलं माझं. घरात कोन ऐकतंय?”

तिच्या नव्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी गेले. प्रतीक्षानं इंग्रजीत एक गोष्ट सांगितली. हातवारे ठरलेले, हसायच्या जागा ठरलेल्या. शेवटी तात्पर्य. टाळ्या भरपूर पडल्या. बाहेर भेटल्यावर मी विचारलं, “गोष्टीतल्या कोल्ह्याला काय हवं होतं गं?” ती म्हणाली, “माहिती नाही बाई. मिस म्हणाल्या, तेवढंच सांगायचं.” आणि शेजारी वडील उभे होते म्हणून गप्प झाली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एका वाटेच्या बदल्यात मी काय दिलं, ते तेव्हा नीट कळलं.

आणि वाट तरी कुठं माझ्या वाट्याला आली? काट्या निघाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मुलांच्या मागोमाग फटीपाशी पोचले तर तात्या काठी आडवी धरून उभे.

“तात्या, मी शिक्षिका आहे.”

“व्हय. पन मोठ्या हायेत. रोडनं या.”

त्यांनी कोणालाच सवलत दिली नाही. सरपंच, शेळके सर, पल्स पोलिओच्या बाया, सगळे रस्त्यानं. निवृत्त होईपर्यंत मी फाट्यावर उतरून तो वळसा घालत होते. पलीकडे बांधावरून मुलांची ओळ चाललेली दिसायची आणि तात्यांचं ओरडणं ऐकू यायचं.

त्याच रस्त्यानं प्रतीक्षाच्या शाळेची पिवळी बस जायची. खिडकीत टाय लावलेली ती दिसायची. पहिले कितीतरी दिवस ती मला बघून न बघितल्यासारखं करायची आणि मीही तिला अवघडवायचं नाही म्हणून पिशवीत काहीतरी शोधायची. मग एका सकाळी पुढं उसाचा ट्रॅक्टर अडकला आणि बस अगदी माझ्या अंगाला लागून सावकाश सरकायला लागली. मी पिशवीत हात घातला. वरून आवाज आला.

“ओ बाई! रोड काय बापानं दिलाय का? कडंनं चाला की!”

मी दचकून खरंच कडेला उडी मारली. वाटलं, तात्याच. वर बघितलं तर टायवाली प्रतीक्षा, चेहरा दगडासारखा. बसमधल्या बाईंनी तिला दंडाला धरून आत ओढलं आणि नाकातून इंग्रजीत काहीतरी बजावलं. क्षणभर खिडकी रिकामी झाली. मग टाय पुन्हा खिडकीत दिसला आणि काचेमागून त्याच बाईंचा आवाज त्याच इंग्रजीत, त्याच नाकातून पुन्हा ऐकू आला, आणि सगळी बस हसली. ट्रॅक्टर सुटला, बस लांब गेली, तरी ते हसणं मला ऐकू येत होतं.